दोरीवरची गोधडी

आमच्या घरात दोन हट्टी माणसं. एक माझे सासरे धाकलूबाबा, वय एकोणऐंशी. दुसरी माझी पोरगी मिताली, तिला नुकतं पंधरावं लागलंय. दोघांचं सगळं सारखं. काय विचारलं की तोंड फुगवायचं, आणि काळजी केली की वर आपल्यावरच खेकसायचं. मधल्यामधी मी अनिता, दोघांची ताटं वाढणारी नि दोघांची बोलणी खाणारी!

यंदा तर कहर केला. भाऊबीजेला बाबा दरवर्षी वैशाखऱ्याला बहिणीकडे मुक्कामाला जातात, मितालीला घेऊन. सकुआत्यांचं वय त्र्याऐंशी. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं त्या आमच्या खर्डीला आल्या नव्हत्या. फोनवर रडल्या, "धाकल्या, ये रे बाबा. पुढच्या वर्षी मी असंन, नसंन." बाबांनी फोन माझ्या हातात दिला नि बोलले, "मी नाय जात."

आतून मिताली ओरडली, "मी पण नाय!"

"का पण?"

"कंबर दुखते," बाबा बोलले.

"अभ्यास आहे," मिताली बोलली.

माझं डोकंच फिरलं. शेतात भात कापायला आलेलं, नवरा ड्युटीवर, आणि ह्यांची ही नाटकं. त्यात मितालीचा वेगळाच ताप. तिची पाळी नवीन, आणि दोन महिने झाले, आठवड्यातून दोनदा गोधडी धुवायला काढायची. "एवढी घोडी झालीस, नीट राहता येत नाय?" मी ओरडायची. ती मुकाट्याने ऐकून घ्यायची. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारी पोरगी ती! तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी मागच्या बोरिंगवर गेली, तर गोधडीचं एक टोक मितालीच्या हातात, दुसरं बाबांच्या. दोघं मिळून पिळत होते.

"शरम नाय वाटत? आजाला धुवायला लावतेस?"

"चुकलं आई. माझीच आहे."

बाबांनी हातातलं टोक सोडलं. "तिची नाय, अनिता. माझी आहे. झोपेत कळतच नाय गो मला. ती बिचारी माझ्यापायी बोलणी खाते."

भाताचे भारे डोक्यावर वाहिलेला माणूस, माझ्यासमोर मान खाली घालून उभा. आणि पोरगी रडत रडत मलाच सांगते, "आई, त्यांना नको ना ओरडू. मामाकडं माझी चादर खराब झाली तेव्हा मामी सगळ्यांसमोर बोललेली. कसं वाटतं ते मला माहितीय."

वैशाखऱ्याला का जायचं नव्हतं ते तेव्हा समजलं. दोघांना दुसऱ्याच्या अंथरुणाची भीती. एकीचं अंग रोज काहीतरी नवीन करतं, एकाचं आता ऐकत नाय, आणि लाज दोघांना सारखीच. मितालीला मी पोटाशी धरलं. बाबांनी सोडलेलं टोक उचललं नि मीच पिळायला लागली.

त्याच दिवशी मेडिकलमधून मितालीचे पॅड आणले आणि म्हाताऱ्या माणसांच्या डायपरची दोन पाकिटं. बाबा रुसले. "मी काय तान्हा आहे?" मितालीनेच त्यांना समजावलं, "आजा, होते सवय. मी पण पहिल्यांदा खूप रडलेली."

भाऊबीजेला आमी तिघं एसटीने मुरबाडवरून वैशाखऱ्याला पोचलो. सकुआत्यांच्या अंगणात दोरीवर ओली गोधडी वाळत होती. आत्या लगबगीने पुढं आल्या. "तांब्यातलं पाणी सांडलं गो तिच्यावर," न विचारताच त्या मला बोलल्या.

बाबा त्या गोधडीकडं बघत राहिले. मग पाटावर बसले. आत्यांनी ओवाळलं, तसं बाबांनी ताटात लुगडं ठेवलं आणि मितालीकडं हात केला. तिने पिशवीतलं एक पाकीट काढून दिलं. ते त्यांनी लुगड्यावर ठेवलं.

"हे काय रे धाकल्या?"

"मला पण होतं तसंच, बाय. रात्री हे लावून झोपायचं. काय लाज धरू नको. पोरगी दाखवंल तुला."

आत्या आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या.

"गुडघ्यांना काय नाय झालेलं रे माझ्या," त्या बोलल्या. "ह्याच्यापायीच दोन वर्षं तुझ्याकडं राहायला आली नाय."

दुसऱ्या दिवशी एसटीत आमी चौघं होतो.