नव्या कव्हरातले जुने जॅकेट

मित्रांनो, तलावाकाठी होडीच्या धक्क्याजवळ एक पत्र्याची टपरी आहे. तिच्या आतल्या भिंतीवर खुंट्यांची रांग आहे आणि दाराजवळच्या शेवटच्या खुंटीवर मी असतो. मी लाइफ जॅकेट आहे, तेही लहान मुलांच्या मापाचे. माझे नवे कोरे, भडक नारिंगी कव्हर बघून तुम्ही म्हणाल, याचे वय ते काय असणार! पण सदरा बघून माणसाचे वय सांगू नये आणि कव्हर बघून जॅकेटचे. आतून मी म्हातारा आहे, आणि खरे सांगायचे तर फार घाबरलेला आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शिलाई यंत्रांचा इतका खडखडाट असे की कोणाला कोणाचे ऐकू येत नसे. तरीही मला शिवणारी बाई सतत बोलत असायची. जॅकेट पूर्ण झाले की ती त्याच्या पट्ट्याला जोरात हिसका द्यायची आणि म्हणायची, "जा बाळा, कोणाच्या तरी गळ्यात पड." माझ्या पोटात तिने फोमच्या जाड वड्या भरल्या. त्या फोममध्ये हवेचे बारीक बारीक, बंद बुडबुडे होते. ते बुडबुडे म्हणजेच माझा जीव. ते शाबूत असेपर्यंत मला कोणी बुडवू शकत नव्हते, आणि मला घातलेल्या मुलालाही नाही.

या तलावावर मी आलो तेव्हा होड्यांची सगळी व्यवस्था एका नावाड्याकडे होती. माणूस तुसडा, पण कामाला चोख. होड्या पाण्यात सोडायचे दिवस आले की तो आधी आम्हा जॅकेटांना पाण्यात लोटून देई आणि काठावर बसून राही. आम्ही तरंगत राहिलो तरच खुंटीवर जागा मिळे. एकदा भर दुपारी एक मुलगा बदक धरायला वाकला आणि होडीतून पाण्यात पडला. त्याच्या अंगात मी होतो. त्याने किंचाळायला तोंड उघडले, पण मी त्याची हनुवटी पाण्याच्या वर धरून ठेवली होती, त्यामुळे तोंडात पाण्याऐवजी हवाच गेली. काठावर आणल्यावर त्याच्या आईने त्याला मिठी मारली ती माझ्यासकट. तिच्या छातीची धडधड मला माझ्या फोमपर्यंत जाणवली. त्या दिवशी मला कळले की आपण कशासाठी शिवले गेलो आहोत. मित्रांनो, तेवढा एक दिवस मी मनसोक्त फुशारकी मारली, हे कबूल करतो.

पुढे हळूहळू माझी पडझड सुरू झाली. वाईट हेतूने कोणी काही केले नाही. होडीची फळी बसायला टणक लागते, म्हणून लोक मला खाली घेऊन बसत. गवतावर पथारी पसरली की माझी उशी होई. मुले माझ्यावर उड्या मारत आणि मोठी माणसे कौतुकाने बघत. प्रत्येक वेळी आत काहीतरी फुटे. एक बुडबुडा फुटला की तिथे एवढीशी पोकळी उरते, आणि पाण्याला शिरायला एवढीशी पोकळी पुरते. कितीतरी दिवस मला स्वतःलाच हे कळले नव्हते.

नावाड्याचे गुडघे गेले, तो घरी बसला आणि तलाव ठेकेदाराकडे आला. ठेकेदाराला नीटनेटकेपणाची हौस होती. त्याने बाकांना रंग दिला, पिण्याच्या पाण्याचे नळ बसवले, स्वच्छतागृहे चकचकीत केली. आमची कळकट अंगे बघून त्याने नाक मुरडले आणि आम्हाला नवी कव्हरे शिवून आणली, नव्या पट्ट्यांची, नव्या बकलांची. आत मात्र तेच जुने फोम. बडा घर, पोकळ वासा म्हणतात तशी आमची गत झाली. पाण्यात लोटून बघायची पद्धत नावाड्याबरोबरच गेली, कारण नवी कव्हरे ओली कोण करणार?

बदल लोकांना फार आवडला. घरच्यांना घेऊन कुठे जावे, हे मोबाइलवर एकमेकांना सांगणारी माणसे असतात ना, त्यांनी आमचे नाव सगळीकडे केले. रांगेत उभे राहून लोक ते मोठ्याने वाचून दाखवत आणि मी खुंटीवरून ऐकत असे. सावली आहे, गाडी लावायला जागा आहे, पिण्याचे पाणी स्वच्छ आहे, आजीआजोबांना बसायला बाके आहेत. शेवटी हमखास एक ओळ असे, "लहान मुलांसाठीही लाइफ जॅकेट देतात, त्यामुळे अगदी निर्धास्त जा."

पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या ओळीने मी सुखावलो होतो. मग एका संध्याकाळी कोणीतरी मला होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात टाकून गेले, आणि सकाळपर्यंत मी ते सगळे पाणी पिऊन बसलो. जॅकेट पाणी पीत नसते, मित्रांनो. जे पिते ते बुडते. त्या सकाळी माझ्या पाचावर धारण बसली. त्यानंतर ती ओळ ऐकली की मला खुंटीवर लटकल्या लटकल्या कापरे भरे. लोक निर्धास्त होत होते ते माझ्या भरवशावर, आणि माझा मलाच भरवसा उरला नव्हता.

त्या दिवसांत माझ्यात किती मुले बांधली गेली, मला आठवत नाही. मी त्यांचे चेहरेही बघितले नाहीत, त्यांचे श्वास तेवढे ऐकले. एखादे मूल होडीत उभे राहिले की मी मनात म्हणे, बस रे बाबा, खाली बस. सगळी सुखरूप परत आली. आपण वाचलो, हे त्यांच्यातल्या कोणालाही कळले नाही.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस आला. एक कुटुंब आले. वडील, आई, त्यांची सहासात वर्षांची मुलगी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. मुलगी एका जागी ठरत नव्हती, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. आत्याला काय म्हणत हे मला लवकरच कळले.

"आमची भित्री भागूबाई," वडील जॅकेट देणाऱ्या पोऱ्याला हसत सांगत होते. "घराला कुलूप लावलं की ओढून बघते. जिना उतरते, परत वर जाते, परत ओढते. आज आमची बस चुकली ती हिच्यामुळे."

"चुकली तर चुकली," आत्या म्हणाली. "घर तर उघडं नाही ना राहिलं."

"ताई, कुलूप एकदा ओढलं की कळतं."

"तुला कळतं. मला नाही कळत."

पोऱ्याने मला खुंटीवरून काढले आणि भिंगरीच्या डोक्यातून घातले. आदल्याच दिवशी मी पुन्हा होडीच्या पाण्यात पडलो होतो, आणि नव्या कव्हरातून ते पाणी बाहेर पडत नव्हते. आत्याने पुढे येऊन माझे बकल लावले. पट्टा ओढून बघितला, थोड्या वेळाने परत ओढून बघितला. मी मनात म्हणत होतो, तूट, तूट एकदाचा. पण नवाच पट्टा तो, कसा तुटेल! जे धड होते तेवढेच ती तपासत होती आणि जे सडले होते ते पोटात लपून बसले होते. मला ओरडता आले असते तर मी तलाव डोक्यावर घेतला असता.

आम्ही धक्क्यावरून होडीकडे निघालो. वाऱ्याने पाणी काळसर झाले होते आणि होड्या एकमेकींवर आदळत होत्या. आत्या होडीत बसणार नव्हती. ती टोकापर्यंत फक्त सोडायला आली होती, तीही कठड्याला घट्ट धरून. वडील होडीत उतरले, आई उतरली. वडिलांनी भिंगरीसाठी हात पुढे केला.

"बाबा, हे जड आहे," भिंगरी म्हणाली. "मला खाली ओढतंय."

"नाटकं नकोत हां. चल, मागे रांग आहे."

"खरंच ओढतंय."

आत्याने कठडा सोडला. तिने माझ्या खांद्याखाली बोट घालून मला जरासे उचलले. मग वाकून भावाच्या अंगातले जॅकेट उचलून बघितले. मग परत मला. वजन तिला नीट कळले असावे.

"मोठ्याचं हलकं आणि पोरीचं जड, असं कसं?" तिने पोऱ्याला विचारले.

"नवीन आहे ना, कापड जाड असतं," तो म्हणाला.

"मग तरंगवून दाखव."

पोऱ्या हसला. "असं नसतं हो काकू. ओलं केलं तर पुढच्या मुलाला काय देऊ?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणाले, घाबरायचे होते तर आलात कशाला. आई होडीतून हळूच म्हणाली, "ताई, जाऊ दे ना. सगळ्यांनी किती चांगलं लिहिलंय इथलं." वडिलांचे कान लाल झाले होते. "ताई, लोक बघतायत. पाच मिनिटांचा फेरा आहे. काही होत नाही."

काही होत नाही! मित्रांनो, या तीन शब्दांनी माझा थरकाप होतो. आत्याचे डोळे भरून आले. चारचौघांत हसे होण्याची भीतीही तिला होतीच, आणि ती भीती काही लहान नसते. क्षणभर मला वाटले, ही आता माघार घेणार. भिंगरीचा एक पाय होडीच्या काठावर होता.

आत्याने बकल उघडले, मला भिंगरीच्या डोक्यावरून काढले आणि पाण्यात फेकून दिले.

आणि मी तरंगलो. कव्हर आणि फोम यांच्यामध्ये हवा अडकली होती, तिने मला वर धरले. नारिंगी, गोबरा, मी लाटांवर मजेत डुलत होतो. रांग खदखदून हसली. "झालं समाधान?" वडील म्हणाले. पोऱ्याने मला ओढून घ्यायला आकडी लावलेली काठी उचलली.

माझ्या आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. ज्याच्यासाठी मला शिवले होते तेच मी करत होतो आणि तीच माझी सगळ्यांत मोठी लबाडी ठरत होती. आकडी माझ्या पट्ट्यात अडकली की संपले. मला परत त्या पोरीच्या अंगात घालतील, आता तर कोणी शंकाही घेणार नाही. मी जिवाच्या आकांताने बुडायचा प्रयत्न करत होतो. पण जॅकेटला स्वतःहून काय करता येते? काहीच नाही.

"थांब," आत्या म्हणाली.

"आता काय, ताई?"

"थांब म्हटलं ना. अजून बघायचंय मला."

तिने काठी हाताने धरून ठेवली. सगळे कंटाळून इकडेतिकडे बघू लागले, ती मात्र माझ्याकडेच बघत राहिली. माझ्या शिवणीतून एक बुडबुडा निघाला, मग आणखी एक, मग माळच्या माळ. माझी एक बाजू कलली. पाणी माझ्या पोटात शिरत होते, आणि त्याचा गारवा मला बरा वाटत होता. हसणे एकेक करून थांबले. वर बघितले तर भिंगरीचा चेहरा होता, तिचा हात आत्याने घट्ट धरला होता. मग पाणी माझ्यावरून मिटले.

पुढचे मी तळाच्या गाळातून ऐकले. मग रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलाचे जॅकेट काढून पाण्यात टाकले. तिच्या मागच्या माणसाने टाकले. धपाधप जॅकेटे पडू लागली. काही वर राहिली. काही माझ्या शेजारी येऊन बसली.

मला आकडीने बाहेर काढले तेव्हा आत्या धक्क्यावरच बसली होती. वडील तिच्यापुढे उकिडवे बसले होते. भिंगरीने आत्याच्या गळ्यात हात टाकून विचारले, "तू घाबरलीस?"

"हो. फार."

"मी पण," भिंगरी म्हणाली आणि तिथेच तिच्या मांडीत शिरली. होडीत कोणीच बसले नाही. ती चौघे झाडाखाली गेली आणि बराच वेळ नुसती एकमेकांना चिकटून बसली.

हे सगळे सांगून मी थांबलो असतो, मित्रांनो, पण माझी भीती संपलेली नाही. होड्या थोडे दिवस बंद राहिल्या. भिंगरीच्या आईने घडलेले सगळे त्या मोबाइलवर लिहिले, पण त्यानंतर आलेल्यांनी बाके, सावली आणि नळाच्या पाण्याचे कौतुक लिहिले आणि तिचे लिहिणे खाली खाली गेले. आता सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत. परवा ठेकेदाराचा माणूस टपरीत आला. बुडालेल्या जॅकेटांचा ढीग त्याने उन्हात पसरला, मला उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "कव्हर तर चांगलं आहे याचं. वाळलं की होईल ठीक."

ऊन कडक आहे. आकडीने कव्हराच्या शिवणी उसवल्या आहेत, तिथून पाणी ठिबकून चालले आहे. आणखी एखादा दिवस गेला की मी अगदी हलका होईन, कापसासारखा. मग कोणतीही मुलगी मला जड म्हणणार नाही.

म्हणून आजच सांगून ठेवतो. तुम्ही घरच्यांबरोबर तलावावर याल, या. सावलीत बसा, नळाचे पाणी प्या, हसा, खेळा. पण दाराजवळच्या शेवटच्या खुंटीवरून कोणी मला तुमच्या हातात दिले तर आधी मला पाण्यात टाका. लोक हसतील, हसू द्या. आणि मी तरंगताना दिसलो, तरी लगेच नजर फिरवू नका.