चादरीखालचे अकरा दिवस

महाळुंग्याच्या पत्र्याच्या चाळीतून एक शिलाई मशीन बोलतेय. पायानं चालणारी, काळी, अंगावरची सोनेरी नक्षी अर्धी उडालेली. आवाज माझा खडखडीत आहे आणि स्वभावही. माझ्या टाक्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला, ते आठवत नाही. आठवतं ते देहूरोडचं सरूबाईचं घर. तिनं मला जुनीच विकत घेतलं आणि बारा वर्षं माझ्यावर लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवून दिले. लेकीच्या, आम्रपालीच्या लग्नात तिनं कपाट दिलं नाही, फ्रीज दिला नाही, मला दिलं. "हिच्या जिवावर तुला कुणापुढं हात पसरावा लागणार न्हाई," असं म्हणाली. मी ते तेव्हाच मनावर घेतलं.

आम्रपालीचा नवरा भीमराज चाकणच्या एका कंपनीत लाइनवर कामाला. माणूस सरळ, पण भिडस्त. त्यांच्या शिफ्टमध्ये एक रीत आहे. पतसंस्थेचं कर्ज काढायचं तर जामीन राहणार बाजूला काम करणारा. आज तू माझा, उद्या मी तुझा. चहाच्या सुट्टीत सही होते, कागद वाचतो कोण! भीमराजनं ज्योतीराम नावाच्या सोबत्यासाठी अशीच सही ठोकली. पुढं ज्योतीरामची नोकरी सुटली, फोनही लागेना, आणि त्याचे हप्ते भीमराजच्या पगारातून कापले जायला लागले. ती तूट भरायला भीमराजनं मोबाइलवरून कर्ज घेतलं. ते फेडायला दुसरं, मग तिसरं. दीड वर्षात आकडा साडेसहा लाखांवर गेला.

मग वसुलीवाले दारात येऊन आवाज चढवू लागले. त्यातल्या एकानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हे पण उचलू," म्हणाला. हे पण! जशी मी कोपऱ्यातली बादलीच.

त्याच संध्याकाळी नवराबायकोनं मला उचलून शेजारच्या सुमनताईंच्या खोलीत नेलं आणि वर फुलाफुलांची चादर टाकली. सुमनताईंनी चादरीवर लोणच्याची बरणी ठेवली. मी लोकांची अब्रू झाकणारे कपडे शिवले, आणि आता मलाच झाकलं होतं. फार वाईट वाटलं.

आम्रपालीची कमाई बंद पडली. त्यात भीमराजला मोबाइलवर एक जाहिरात सापडली. पंधरा हजार आधी भरा, सगळं कर्ज शंभर टक्के माफ. पंधरा हजार आणायचे कुठून? एकदा तो सुमनताईंना हळूच म्हणाला, "ताई, मशीनला गिऱ्हाईक बघा की." चादरीखाली मी गारच पडले. मी गेले तर आम्रपालीचे हात रिकामे होणार होते, आणि ते पैसेही पाण्यात.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्रपालीच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. मधली भिंत पत्र्याची, सगळं ऐकू येतं. वकील निवेदिता मॅडम. पिंपरीच्या कोर्टात वकिली करतात. त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर फाटलं की ते माझ्याकडंच येतं.

"आम्रपाली, झाला का कोट? उद्या तारीख आहे माझी."

"न्हाई झाला, मॅडम."

"आणि मशीन कुठं गेली?"

आम्रपाली रडायलाच लागली. रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं.

"मला का नाही विचारलंत?" मॅडमनी भीमराजला विचारलं.

"लाज वाटली, मॅडम. आणि आमच्यात वकील लागतो तो मारामारीला, न्हाईतर फारकतीला. कर्जाला वकील असतो हे ठाऊकच न्हवतं."

वकिलाचा कोट घरात खुंटीला टांगलेला, आणि हे महाशय उपाय शोधत होते जाहिरातीत!

"सगळं माफ करून देतो असं जो आधीच सांगतो, त्याला एक रुपया देऊ नका," मॅडम म्हणाल्या. "जामिनाची सही केलीत, तेव्हा त्या कर्जाला तुम्हीही बांधलेले आहात. आधी प्रत्येकाला पत्र पाठवू, हप्ता कमी करून मागू, तडजोड बघू. नाहीच जमलं तर पुण्याच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करू. वेळ लागेल, पुढं कर्ज मिळणं अवघड होईल, हे आत्ताच सांगते. कर्जातून सोडवायचं की नाही, ते कोर्ट ठरवेल. पण पैसे नाहीत म्हणून तुरुंगात जावं लागेल ही भीती काढून टाका."

"आणि मशीन?" आम्रपालीनं विचारलं.

"अर्जाला यादी जोडावी लागते. घरात असेल ते सगळं लिहायचं. लपवलेली एक वस्तू जरी सापडली तरी कोर्टाचा विश्वास उडतो. तेव्हा मशीन पहिली लिहा."

"म्हंजी जाईल की ती!"

"नाही जाणार. कारागिराचं हत्यार, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी यांच्यावर जप्ती आणता येत नाही. तसा कायदाच आहे. आधी तिला घरी आणा आणि माझा कोट शिवून द्या."

बरणी उतरली, चादर निघाली. आम्रपालीनं तेल घातलं आणि दुपारपर्यंत आम्ही दोघींनी कोट उरकला. इतका सुरेख टाका माझ्या हातून क्वचितच पडला असेल.

आता दोन ठिकाणी हप्ते कमी झालेत. बाकीच्यांनी ऐकलं नाही, म्हणून अर्ज दाखल झालाय. भीमराज कंपनीत सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचतो आणि दुसऱ्यालाही म्हणतो, "वाच आधी, भावा." तुमच्या घरात कुणी फोन वाजला की दचकत असेल, तर त्याला माणसांत आणा, खऱ्या वकिलाकडं न्या. आणि ज्याच्यावर पोट भरतं ते विकू नका.

परवा तो बोट दाखवणारा पुन्हा आला होता. आम्रपालीनं पाय थांबवला नाही. मॅडमचा नंबर लिहिलेला कागद त्याच्यापुढं धरला आणि म्हणाली, "ह्यांच्याशी बोला. मला काम हाय."

मलाही आहे. पुरे झालं बोलणं.