मास्तरांचा शब्द

अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयात शुगर बरी करणाऱ्या एका महाराजांचं शिबिर होतं; पाय ठेवायला जागा नव्हती. आल्याआल्या प्रत्येकाच्या मुठीत गुळाचा खडा दिला जाई. तो धरून एकशे आठ वेळा जप, मग त्याच हाताच्या बोटाला सुई. मशीनवर शुगर चारशेच्या वर. नंतर महाराजांच्या तीर्थानं हात धुवायचे, चूर्ण गिळायचं, पुन्हा सुई. आकडा निम्म्यावर! लोक हात जोडत होते आणि आपल्या इन्सुलिनच्या बाटल्या टोपलीत टाकत होते.

महाराज फारसं बोलत नव्हते. शंका घेतली की शुगर चढते, एवढंच अधूनमधून बजावत. म्हणजे तोंड उघडायची सोयच नाही. बोलायला त्यांनी चनबसप्पा मास्तरांना उभं केलं होतं. अर्ध्या सभागृहाला मास्तरांनी गणित शिकवलेलं. मागच्या आठवड्यातल्या शिबिरात बायकोचा आकडा डोळ्यांदेखत उतरला, हे सांगताना त्यांना रडू फुटलं. भला माणूस, खरे अश्रू आणि वर मशीनचा आकडा. लोकांना आणखी काय पाहिजे?

माझी ईरम्मामावशी रांगेत होती. मागं चार दिवस इन्सुलिन चुकवलं तेव्हा ती बेशुद्ध पडली होती. मी लॅबमध्ये रोज रक्त तपासते. गूळ लागलेल्या बोटाचा आकडा खोटा येतो, हे तिला परोपरीनं सांगितलं.

"मास्तर खोटं बोलत्यात व्हय गं?" म्हणत तिनं पिशवीतून बाटली काढली.

मला राग आला आणि भीतीही वाटली. माझं ती ऐकणार नव्हती. मग ज्याच्यावर तिचा भरवसा, त्या माणसाकडेच मी गेले, थेट मंचावर.

"सर, तुम्हाला शुगर आहे?"

"नाही, बाळ."

"मग गूळ धरा आणि बोट द्या."

महाराजांची माणसं पुढं सरकली. मास्तरांनी त्यांना हातानंच थांबवलं. माझ्या पर्समधल्या मशीननं तीनशे साठ दाखवले. मग मी त्यांचा हात साध्या पाण्यानं धुतला, कोरडा केला, पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव.

महाराज श्रद्धेबद्दल काहीतरी बोलू लागले. मास्तरांनी माईक सोडला नाही.

"पहिला आकडा गुळाचा होता. मी न तपासता तुम्हाला सांगत सुटलो. बाटल्या परत घ्या."

"तुमच्यावर इश्वास ठिवला की आमी," मावशी खालून म्हणाली. बाटली अजून तिच्या हातात होती.

"तेच नको, ईरम्मा. कुणी कितीही चांगला असो, रडून सांगो, आकडे दाखवो. तपासलं कसं, ते आधी विचारा."

मावशीनं बाटली पिशवीत ठेवली. मास्तर मात्र घरी फोन लावत होते. त्यांच्या बायकोनं आठ दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं.