कुमुदिनीकाकूंचं शर्विल

बदलापूरला खरवईच्या रस्त्यावर महेशची नर्सरी होती. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता असा हमखास खपणारा माल. एका दिवाळीत शेजारच्या सोसायटीतल्या कुमुदिनीकाकू कागदाची पुडी घेऊन तिथे आल्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचे यजमान देवदत्त अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. कंपनीने त्यांना वर्षभर जर्मनीला धाडलं, तेव्हा काकूही गेल्या होत्या. तिथे ओढ्याकाठी शर्विल नावाचं झाड फुलायचं. गाजराच्या जातीचं, पानही तसंच, वर गुलाबी फुलांची छत्री. एकदा लावलं की वर्षानुवर्षं येणारं. तिथल्या शेजारणीच्या मुलीने त्याचं बी पाठवलं होतं.

बर्फात वाढणारं झाड बदलापूरच्या उकाड्यात टिकायचं नाही, असं महेशने सांगून पाहिलं. पण काकूंकडे बघून त्याला पुडी परत देववेना.

थंडी लागल्याशिवाय हे बी रुजत नाही, असं त्याने मोबाइलवर वाचलं. ओल्या रेतीत घालून डबा घरच्या फ्रिजमध्ये ठेवला. बायको जिज्ञासा कुरकुरली, पण तिने डबा हलवला नाही. माघात त्यातलं थोडं बी पेरलं, चार रोपं आली. काकू रोज बघून जात. चैत्राच्या उन्हात चारही रोपांनी माना टाकल्या.

नेमक्या तेव्हा काकू पाय मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? कॉसमॉसचं पानही तसंच बारीक चिरलेलं असतं, फूलही गुलाबी. महेशने त्याच कुंडीत कॉसमॉस लावला आणि काकूंना घरी नेऊन दिला.

काकूंनी पान चुरडून हुंगलं.

"महेश, हे ते नाही रे. मेली ना ती रोपं?"

त्याने मान खाली घातली. तुमचा पाय आधीच दुखावलेला, म्हणून सांगवलं नाही, एवढंच कसंबसं बोलला.

"हे गेले तेव्हाही मला सगळ्यात शेवटी सांगितलं," काकू म्हणाल्या. "तू तरी तसं करू नकोस."

त्या बोलण्याने महेश बेचैन झाला. डब्यात अजून बी शिल्लक होतं. ते त्याने पावसाळ्यात सावलीला पेरलं. उल्हासनगरला जुना माल विकणाऱ्या हरेशकडून थंड पेयांचा काचेच्या दाराचा जुना फ्रिज आणला. रोपांना थंडी मिळावी म्हणून भाद्रपदात आत दिवा लावून कुंड्या त्यात ठेवल्या. गिऱ्हाइकं हसत, तोही हसे. मार्गशीर्षात कुंड्या बाहेर काढल्या.

माघात एकाच रोपाला दांडी आली आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढी फिकट गुलाबी छत्री उघडली.

काकू काठी टेकत आल्या. उन्हाळ्यात हे राहीलच असं नाही, हे महेशने आधीच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्टूल ओढून कुंडीपाशी बसल्या आणि देवदत्त त्या ओढ्यात बुटांसकट कसे घसरले होते, ते जिज्ञासाला हसत हसत सांगू लागल्या.