हात न लागलेली केबल

मी गाडी बोलतेय. घाईत असाल तर खुशाल पुढे व्हा, कुणाच्या मागे धावायचं त्राण आता माझ्यात राहिलेलं नाही. जुन्या गाड्यांच्या आवारात, तिसऱ्या रांगेत धूळ खात उभी आहे ना करड्या रंगाची, ती मी.

माझ्या पोटात एक पेट्रोलचं इंजिन आणि एक मोठी बॅटरी. शिवाय पाच माणसं आणि त्यांचं सामान ऐसपैस मावेल एवढी जागा. आणि तरीही पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठायचे, बरं का! कारखान्यातून निघाले तेव्हा काय तोरा होता माझा. घरी केबल लावून बॅटरी भरायची, रोजची ये-जा विजेवर करायची, लांब जायचं तर इंजिन आहेच, असा सगळा बेत होता. लोक म्हणायचे, दोन बायका, फजिती ऐका. मला हसू यायचं.

माझे पहिले मालक एका मोठ्या कंपनीतले साहेब. त्यांनी मला घेतलं, कारण केबलवाल्या गाडीला कंपनी सवलत देत होती. सवलत मिळाली आणि केबल डिकीत पडली ती पडलीच. तिची प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी फोडली नाही.

"अहो, एकदा लावून तरी बघा," बाईसाहेब म्हणायच्या.

"बघू रविवारी," साहेब म्हणायचे.

पाच वर्षांत तो रविवार काही उगवला नाही. बॅटरी कायम उपाशी, आणि तिचं तीन माणसांएवढं वजन इंजिनानं रोज वाहायचं. त्यात सिग्नल सुटला की साहेबांचा पाय खाली. मी दमत होते, पण सांगणार कुणाला? पुढे कंपनीनं सवलत बंद केली आणि साहेबांनी मला इथे आणून सोडलं. जाताना डॅशबोर्डवरचा गॉगल तेवढा आठवणीनं उचलला.

इथला दलाल गोड बोलणारा माणूस. पण चार महिने मी खपले नाही, तेव्हा तोही कंटाळला. "या शुक्रवारपर्यंत गेली तर गेली," तो त्याच्या मेकॅनिकला म्हणाला, "नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय. तो सुटे भाग करून नेईल." हे ऐकून माझं धाबं दणाणलं. खोटं कशाला बोलू, मरायची हौस कुणाला असते?

गेल्या रविवारी सकाळी दलालानं मला धुतलं, स्वतःच्या केबलनं बॅटरी काठोकाठ भरली आणि लॅपटॉप जोडून माझे सगळे धोक्याचे दिवे पुसून टाकले. म्हणजे दुखणं तसंच, तक्रार तेवढी बंद.

दहाच्या सुमारास तिघं आली. खिडक्यांच्या काचा बसवणारा एक कारागीर, त्याची शिक्षिका बायको आणि त्याची आई. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. गेल्या महिन्यात त्यांची जुनी गाडी भर रस्त्यात बंद पडली, वेळ हुकली आणि आईला चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. हे मला बायकोच्या बोलण्यातून कळलं. गाडी कशासाठी हवी ते तिनं दलालाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

कारागीर मात्र माझ्या वेगावर भाळला होता. दलालानं डिकी उघडली. "बघा साहेब, केबल अजून पिशवीत आहे. हातसुद्धा लागलेला नाही. नवीकोरी गाडी म्हणायची ही."

कारागिराचा चेहरा खुलला. "बघितलंस? किती जपून वापरलीय."

बायकोनं पिशवी उलटसुलट करून पाहिली. "अहो, केबल पिशवीत होती, तर पाच वर्षं चार्ज कशानं केली?"

दलाल हसला. "वहिनी, तुम्ही फार खोलात जाता. चला, चौकापर्यंत एक चक्कर मारून येऊ."

"चौकापर्यंत नको. दवाखान्यापर्यंत जाऊ. आम्हाला तिथेच जायचं असतं. अठरा किलोमीटर आहे."

दलालाला नाही म्हणता येईना. आई मागे बसली. कारागिरानं पाय दाबला, मी जुन्या सवयीनं उसळले.

"अरे, हळू," आई म्हणाली. "तिथे पोचायचंय मला, वर नाही."

बायकोनं फक्त विजेवर चालण्याचं बटण दाबलं. पडद्यावर चाळीस किलोमीटर दिसत होते. मला माहीत होतं, ते खोटं आहे. दहा किलोमीटर मी ओढले. कशीबशी चौकापर्यंत जाऊन परतले असते तर विकलेही गेले असते. पण मागे ती म्हातारी पदराखाली हात झाकून शांत बसली होती. त्या जुन्या गाडीसारखी माझ्यामुळेही तिची वेळ हुकली असती तर?

पुलाच्या चढावर बॅटरी संपली, इंजिन धक्का देऊन जागं झालं आणि पिवळा दिवा पेटला. तो पेटवणं माझ्या हातात नसतं म्हणा. पण त्याला अडवावं असं मला वाटलं नाही. वेग आपोआप पडला. मागचे हॉर्न वाजवू लागले.

दलाल म्हणाला, "बारीकसारीक काहीतरी असेल."

"आज रविवार आहे म्हणून बरं," बायको म्हणाली. "डायलिसिसच्या दिवशी असं झालं असतं तर?"

रांगत रांगत आम्ही परत आलो. उतरताना आईनं माझ्या दारावर हात ठेवला. "हिची काही चूक नाही रे," ती मुलाला म्हणाली. "हिचं करणारं कुणी भेटलं नाही."

पाच वर्षांत माझ्याबद्दल एवढं मायेनं कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं असतं, पण आमच्यात तशी सोय नाही.

त्यांनी शेजारच्या रांगेतली छोटी, साधी पेट्रोलची गाडी घेतली. माझ्या जिवाला लागलं, नाही कशाला म्हणू? तुम्हाला एवढंच सांगते, माझ्यासारखी कुणी तुमच्या दारात असेल तर तिला रोज वीज द्या. आणि जुनी घ्यायची असेल तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर नेऊन बघा.

आज गुरुवार. सकाळी ती छोटी गाडी फाटकासमोरून दवाखान्याकडे गेली. मागच्या खिडकीत म्हातारी बसली होती. वेळेत होती. उद्या भंगारवाला येईल. येऊ दे.