मागच्या डाव्या चाकाचे पांघरूण

माझ्या अंगाला रबराचा वास आहे आणि तो आता जायचा नाही. मित्रांनो, मी शर्यतीच्या गाडीच्या चाकाचे एक जुने पांघरूण आहे. चाकाला पांघरूण कशाला, असे तुम्ही विचाराल. थंड टायर रस्ता धरत नाही, घसरतो. म्हणून गाडीला लावण्याआधी चाक गुंडाळून तापवतात. माझ्या पोटात तारा आहेत. त्यांत वीज सोडली की मी तापत असे.

गाडीला चार चाके, म्हणून आम्ही चार भावंडे. माझ्या वाट्याला मागचे डावे चाक आले आणि ते सांभाळणारे काका आले. काका कमी बोलायचे. त्यांची बायकोही त्याच संघात होती. शर्यतीत गाडी टायर बदलायला कधी आत बोलवायची, ते ती संगणकाच्या पडद्यांसमोर बसून ठरवायची. तिला सगळे काकू म्हणत.

ते ठरवणे सोपे नव्हते. मऊ टायर पळतो पण लवकर झिजतो. कडक टायर टिकतो पण सुस्त असतो. गाडी लवकर बोलावली तर नवा टायर शेवटपर्यंत पुरत नाही. उशीर केला तर पुढची गाडी हातची जाते. सरावानंतर काका उतरवलेल्या टायरवरून तळहात फिरवत आणि सांगत, "आतली कड सोललीय." त्यावरून काकू आपला बेत बदलत.

गाडी आत वळली की सगळ्यांच्या कानातल्या रेडिओवर काकूंचा आवाज यायचा, "अहो, काढा." मग चौघे जण आम्हाला नव्या चाकांवरून झटक्यात ओढून काढत.

"काकू, आम्ही सगळेच अहो का?" पुढच्या चाकावरचा जाड्या विचारायचा.

"ज्याचं त्याला कळतं. तू चाक उचल, पोट राहू दे."

एकदा माझी कड उसवली. काकूंनी आपल्या पिशवीतला हिरवा दोरा काढून टाके घातले. रंग मुळीच जुळत नव्हता. काकांनी तसे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चाकाला कुठं लग्नाला जायचंय?"

पुढच्या हंगामात काकूंची खुर्ची अधूनमधून रिकामी राहू लागली. मग त्या गेल्या. मला कोणी सांगितले नाही. काका कामावर आले, त्यांनी माझी चिकटपट्टी दाबून पाहिली. जेवायला बोलावले तेव्हा गेले, वाढले ते जेवले आणि परत आले. रडले नाहीत.

काकूंच्या हाताखाली शिकलेल्या ताई त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्याच शर्यतीत त्यांनी गाडी अगदी वेळेवर बोलावली. "पांघरुणं काढा," त्या म्हणाल्या. माझी भावंडे निघाली. मी चाकावरच राहिले. काकांनी ऐकले होते, पण त्यांचे हात हलले नाहीत. इतकी वर्षे ते हात एका शब्दावर हलत आले होते आणि तो शब्द आला नव्हता. गाडी येऊन थांबली, जुने चाक निघाले आणि नवे माझ्यात गुंडाळलेलेच. शेवटी जाड्याने धावत येऊन मला ओरबाडून काढले. तोवर मागच्या गाड्या पुढे गेल्या होत्या.

"काका, पुन्हा असं झालं तर चाक दुसऱ्याला द्यावं लागेल," मुख्य मेकॅनिक खाली बघत म्हणाला. "तुम्ही थोडे दिवस घरी थांबता का?"

"घरी कोण आहे?" काका म्हणाले.

नंतर ताई टायरच्या खोलीत आल्या. काका माझी घडी घालत होते.

"काका, रेडिओवर मी अहो म्हणू का? कोणी हसणार नाही."

"नको गं. ते तिचं होतं."

"मग कसं करायचं?"

"तू तुझं बोल. मी ऐकायला शिकतो."

पुढच्या शर्यतीपर्यंत रोज ताई आपल्या खुर्चीवरून बोलत आणि काका मला एका रिकाम्या चाकावरून ओढत. सुरुवातीला उशीर व्हायचा. "काका, सारखं उघडं करताय, चाकाला सर्दी होईल," जाड्या म्हणायचा. काका हसत नसत. मला पुन्हा गुंडाळत.

शर्यतीच्या दिवशी रेडिओवर ताई म्हणाल्या, "काका, काढा." काकांचा हात हिरव्या टाक्यांवर होता. त्याच हाताने त्यांनी मला ओढले. चाक गरम गेले, गाडी सुटली. सगळे ओरडत होते. काकांनी मला जमिनीवरून उचलले आणि आत नेले.

वीज तोडली तरी माझ्यात थोडा वेळ ऊब राहायची. काका माझ्यात हात घालून बसले. ऊब गेल्यावर उठले आणि त्यांनी माझी घडी घातली.

आता माझ्या तारा जळाल्या आहेत. भावंडे कधीच भंगारात गेली. मागचे डावे चाक अजून काकांकडे आहे, पण त्याला नवे पांघरूण आले. मला टाकायला काढले तेव्हा काकांनी फळीवर ठेवायला सांगितले. मी तापत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी शर्यत संपली की ते येतात आणि माझ्यात हात घालून बसतात.

मित्रांनो, काम संपलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उलटी करून पाहा, तिला कोणी टाके घातले असतील. आणि कोणी तिच्यापाशी बसले असेल, तर दिवा मालवायची घाई करू नका. बसलेला माणूस आपणच उठेल.