दसऱ्यानंतर जोडलेली डिस्क

सांगलीच्या त्या माती परीक्षण प्रयोगशाळेत खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, आणि त्या बाबतीत तात्याबा शिपाई कुणाचंही ऐकायचे नाहीत. माती चाळायच्या चाळण्यांपासून साहेबांच्या बुलेटपर्यंत सगळं पुसायचं, ओळीनं मांडायचं, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची. अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर पहिल्यांदाच या ओळीत आले.

"चालू मशीनची पूजा करत न्हाईत," तात्याबांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या महेंद्रला बजावलं. "बंद करा. एक दिस त्यास्नीबी इसावा."

महेंद्रनं हसत सगळ्यांचं काम साठवणारा सर्व्हर बंद केला. पावसाळ्याच्या आधीपासून तो सर्व्हर अखंड चालू होता आणि त्याचा महेंद्रला भारी अभिमान. इतरांची मशीनं दिवसातून दोनदा मान टाकतात, माझं लिनक्स बघा, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. पोरगा मूळचा पलूसकडचा. कराडला डिप्लोमा केला, लिनक्स ही मशीन चालवणारी प्रणाली मात्र कॉम्प्युटरच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवरून स्वतःच शिकला. सांगलीत हे जाणणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. थोडी हवा डोक्यात गेली होती खरी, पण तो काही गुन्हा नव्हे. गुन्हा पुढं घडला.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एक जुनी लहान आणि एक नवी मोठी. लिनक्समध्ये दुसरी डिस्क वेगळी दिसत नाही. ती एखाद्या फोल्डरला जोडावी लागते, मग तो फोल्डर उघडला की त्या डिस्कवरचं सामान दिसतं. महेंद्रनं मोठी डिस्क 'नोंदी' नावाच्या फोल्डरला जोडली होती आणि शेतकऱ्यांच्या मातीचे सगळे अहवाल तिथं जायचे. मशीन सुरू होताना ही जोडणी आपोआप व्हावी म्हणून एका फाइलीत एक ओळ लिहायची असते. ती ओळ उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत राहून गेली. मशीन कधी बंदच होत नव्हतं, मग अडतंय कुणाचं?

दसरा झाला, मशीन सुरू झालं. मोठी डिस्क जोडली गेलीच नाही आणि नोंदी हा फोल्डर रिकामा उघडला.

हे पहिल्यांदा पाहिलं ते अफसानानं. ती प्रयोगशाळेत रोजंदारीवर होती आणि दिवाळीनंतर कायम होणार होती. कल्हईवाल्या पीरमहंमदची ही थोरली मुलगी, घराण्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसून काम करणारी. ती यंत्रावरचे आकडे बघून थेट कॉम्प्युटरवर अहवाल लिहायची. मानसिंगराव साहेबांनी कागदाचा कारभार बंद केला होता. कागद म्हणजे मागासलेपणा, असं त्यांचं म्हणणं.

"सर, जुनं कायबी दिसत न्हाई," ती महेंद्रला म्हणाली.

महेंद्र फोनवर बोलत होता. मान वर न करता त्यानं हात हलवला. "मी बाजूला काढलं असंल. तू लिहीत जा."

ती लिहीत गेली. आठवडाभर ती लिहीत होती आणि तिचं लिहिलेलं सगळं लहान डिस्कवरच्या त्या रिकाम्या फोल्डरमध्ये साठत होतं. मग एके दुपारी महेंद्रला उन्हाळ्यातला एक अहवाल हवा झाला आणि तो सापडेना. डिस्क जोडलेली नाही हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं एक ओळ टाइप केली, डिस्क जोडली, जुनं सगळं परत दिसायला लागलं. आपली चूक कुणाच्या नजरेस आली नाही म्हणून त्याला बरं वाटलं. खाटेवर गादी टाकली की खाटेवर ठेवलेलं दिसेनासं होतं, तसं अफसानाचं काम त्या डिस्कखाली झाकलं गेलं, हे मात्र त्याच्या डोक्यात आलंच नाही.

दोन दिवसांनी मानसिंगराव पलूसला शेतकऱ्यांच्या मेळाव्याला निघाले आणि त्यांनी नवे अहवाल मागितले. अहवाल नव्हतेच. अफसाना रडकुंडीला येऊन सांगत होती, मी लिहिलेत, रोज लिहिलेत. परीक्षण झालेली माती तात्याबांनी केव्हाच बागेत टाकून दिली होती. पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं.

"महेंद्र, तू शोध," साहेब म्हणाले.

महेंद्रनं मनापासून शोधलं. फाइलींची नावं देऊन मशीनला दोन्ही डिस्क शोधायला लावल्या. पण डिस्कखाली झाकलेलं असं शोधून सापडत नसतं. पडदा कोराच राहिला. सगळे त्याच्या खुर्चीमागं उभे होते. अफसानाही होती.

"काही नाही साहेब," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी भागलं असतं. पण त्याला आणखी बोलायची हौस. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. लिहिलं असतं तर दिसलं असतं."

"जुनं दिसत न्हाई म्हणून मी तुमाला इचारलं व्हतं की, सर," अफसाना हळूच म्हणाली.

महेंद्रला ते आठवलं. अगदी लख्ख आठवलं. पण साहेब बघत होते. "आठवत नाही बुवा," तो म्हणाला. साहेबांनी अफसानाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती गेली तेव्हा तिची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली.

त्यानंतर महेंद्रचं कामात लक्ष लागेना. ती बाटली समोरच होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा असताना तो बॅकअप घ्यायला बसला. मशीनला काय काय जोडलंय हे आधी बघावं म्हणून त्यानं 'माउंट' एवढाच शब्द टाइप केला. जोडलेल्या सगळ्या डिस्कांची यादी पडद्यावर आली. ज्या क्रमानं जोडलं, त्याच क्रमानं ती येते. आधी लहान डिस्क. मग मासिकाची सीडी, ती त्यानं दसऱ्यानंतर कामावर आल्या आल्या घातली होती. आणि सगळ्यात शेवटी नोंदी.

नोंदी शेवटी का? कारण ती डिस्क त्यानं हातानं जोडली होती, सीडीनंतर आठवड्यानं. मग तो आठवडा अफसाना लिहीत कुठं होती?

त्यानं डिस्क सोडवली आणि नोंदी फोल्डर पुन्हा उघडला. सगळं तिथं होतं. एकेका शेतकऱ्याचं नाव, गाव, सामू, नत्र, स्फुरद, पालाश. कुठंही खाडाखोड नाही, एकही रकाना मोकळा नाही. पोरीनं किती नीट काम केलं होतं! महेंद्रला स्वतःची शरम वाटली.

त्याला वडील आठवले. धनाजी कराडच्या एका वर्कशॉपात कामाला असताना त्यांच्यावर मशीनचा पट्टा चोरल्याचा आळ आला होता. पट्टा पुढं कोठारातच सापडला. पण सापडला म्हणून सांगायला घरी कुणी आलं नाही. वडील सांगायचे ते तेवढंच, "कुनी आलं न्हाई गड्या." आळापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं.

महेंद्र उठला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. खरं सांगायचं म्हणूनच गेला होता. पण साहेबांनी मान वर केली आणि त्याच्या तोंडून निघालं, "सापडलं साहेब. डिस्कमध्ये बिघाड होता. काढलं मी शोधून."

"शाब्बास रं पठ्ठ्या!" साहेब उभेच राहिले. "तात्याबा, पेढं आणा. आणि महेंद्र, त्या पोरीला जाऊन घिऊन ये."

खणभागातल्या अफसानाच्या घरापुढं भट्टी धगधगत होती. पीरमहंमद एका पातेल्याला कल्हई लावत होते. महेंद्रनं दारातच सांगितलं, सापडलं सगळं, साहेबांनी बोलावलंय. पीरमहंमदनी सांडशी खाली ठेवली आणि काळे हात तसेच जोडले.

"लय उपकार झालं सायेब. पोरीची अब्रू राखलीसा. तुमच्या घरची भांडी आणून द्या, आरशावानी करून देतो."

अफसानाच्या आईनं, मेहरुनबींनी, चहा आणला. महेंद्र तो प्यायला. बोलायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा साखरेचं कौतुक केलं.

अफसाना ओढणी सारखी करत बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते, पण ती हसत होती.

"बरं झालं सर, डिस्क बिघडली व्हती ते," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच डोकं बिघडलं. कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई म्हणालासा न्हवं तुमी? मग मी लिवलंच नसंल असं मला वाटाय लागलं. काल आईला इचारलं, मी रोज हापिसाला जात व्हते न्हवं? तुमाला इचारलेलंबी मला सपान वाटाय लागलं."

महेंद्र कट्ट्यावर बसला.

"डिस्क चांगली आहे, अफसाना," तो म्हणाला. "ती जोडायची मी विसरलो आणि नंतर तुझ्या कामावर आणून जोडली. तू मला विचारलं होतंस. मला त्याच वेळी आठवलं होतं. मी खोटं बोललो."

पीरमहंमद पोरीकडं बघत राहिले. अफसानाच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"म्हंजे मी इचारलं व्हतं?"

"विचारलं होतंस."

"मग जिथं न्हाई म्हणालासा, तिथं जाऊन सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांम्होरं. तवर मी येत न्हाई." आणि ती आत गेली.

महेंद्र सायकल हातात धरून चालतच परतला. बसायची इच्छाच होईना. हॉलमध्ये तात्याबा पेढे वाटत होते. साहेब सगळ्यांना सांगत होते की आपल्या महेंद्रसारखा माणूस उभ्या जिल्ह्यात नाही. महेंद्र सरळ आपल्या खुर्चीपाशी गेला, जिथं बसून तो बोलला होता तिथंच, आणि त्यानं सगळं सांगितलं. राहिलेली ओळ, फोनवर असताना हलवलेला हात, हातानं जोडलेली डिस्क, 'आठवत नाही' म्हणालो ते. काही गाळलं नाही. तात्याबांच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

मानसिंगरावांचा चेहरा लालबुंद झाला. ते पुष्कळ बोलले आणि त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही. महेंद्रनं मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी साहेब दमले.

"आणि ती पोरगी कुठं हाय मग? का न्हाई आली?"

"तिला न्यायला तुम्ही जायला पाहिजे साहेब," महेंद्र म्हणाला. "येऊ नकोस म्हणून तुम्ही सांगितलं होतं."

साहेबांची नजर टेबलावरच्या अफसानाच्या पाण्याच्या बाटलीकडं गेली. मग त्यांनी ती उचलली आणि बुलेटची किल्ली घ्यायला केबिनमध्ये गेले.